क्ष-अक्ष

दुधाळीतल्या आमच्या रात्रशाळेच्या भिंतीवर
पुराची रेघ अजून आहे,
बाकाच्या वर हातभर, चहाच्या रंगाची.
दोनदा चुना मारला, दोनदा ती वर आली.
तिसऱ्यांदा मगदूम बाईंनी मारूच दिला नाही.
म्हणाल्या, एवढी सरळ रेघ मला पट्टी घेऊनही येत नाही,
आणि उजव्या टोकाला खडूनं बाण काढून
लिहिलं : क्ष.

वर धन. खाली ऋण.
आम्ही सगळे खाली बसलेलो.

दिवसभर मी उद्यमनगरात लेथवर.
अकरा वर्षं पोलाद गोल करतोय.
स्पर्शिका शिकवली त्या रात्री
फळ्यावरच्या वर्तुळाला टेकलेली ती रेघ
मी लगेच ओळखली.
टूलचं टोक टेकतं ते एकाच बिंदूत,
कीस सुटतो तो त्रिज्येशी काटकोनात,
टूल जरा वर बसलं की नुसतं घासतं,
जरा खाली, की जॉब अंगावर चढतो.
हाताला हे ठाऊक होतं.
याला प्रमेय म्हणतात, हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, सिद्ध कर.
म्हटलं, उद्या शॉपवर या, दाखवतो.
दाखवशील एक रॉड, त्या म्हणाल्या,
मला सगळी वर्तुळं पाहिजेत.
पक्ष लिही. साध्य लिही. मग बोल.

बिलकीस मुजावर गंगावेशीत केळी विकते.
तिनं हात वर केला :
ऋण गुणिले ऋण धन कसं हो बाई?
माझी दोन हायत. एक पतपेढीचं, एक थोरल्या दिराचं.
गुणा की!
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
तिला रेघेपाशी उभी केली.
रंकाळ्याकडं तोंड कर. आता मागं मागं चाल.
कुठं निघालीस?
बिलकीस दप्तरांना अडखळत चार पावलं गेली,
थांबली, वळून बघितलं :
गाड्याकडं.
मग म्हणाली, पण कर्ज तेवढंच ऱ्हायलं.
बाई म्हणाल्या, व्हय. ते बेरजेत येतं.

आयताची लांबी रुंदीपेक्षा तीननं जास्त,
क्षेत्रफळ एकशे ऐंशी.
रुंदी बारा, किंवा उणे पंधरा.
मी उणे पंधरा आलं तसं खोडलं.
बाईंनी वही ओढून घेतली.
खोडायचं नाही. तेही उत्तरच आहे, समीकरणात घालून बघ, बसतं.
आधी लिहायचं.
मग खाली एक ओळ :
परंतु रुंदी ऋण नसते, म्हणून अमान्य.
कारण लिहिल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.
अर्धा मार्क कारणाचा असतो.

त्या रात्री घरी पत्र्याच्या पेटीतून
माझा जुना दाखला काढला.
नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी.
शाळा सोडल्याचे कारण :
तिथं क्लार्कनं एक आडवी रेघ ओढली होती.
पट्टीनं. अगदी सरळ.

जुलैत पंचगंगा पुन्हा गल्लीत आली.
बाक एकमेकांवर चढवून आम्ही निघून गेलो.
बिलकीस शाळेसमोर राहते, माडीवर.
ती खिडकीतून बघून बाईंना फोनवर सांगायची,
सकाळी उणे सहा विटा,
दुपारी उणे चार,
रात्री उणे दीड, बाई, उणे दीड,
आणि पहाटे, अजून उणे दीडच.

महिन्यानं वर्ग उघडला.
गाळाचा वास, फुगलेलं दार, खडू सगळे मऊ.
जुन्या रेघेखाली दीड विटेवर नवी रेघ,
ओली, जरा जास्त काळपट.
आम्ही बघत उभे राहिलो.
मगदूम बाईंनी पदर खोचला,
पिशवीतून कोरडा खडू काढला
आणि दोन्ही रेघांना कापत जाणारी
एक तिरकी रेघ ओढली.

बसा, म्हणाल्या.
बसायला काही नव्हतं.
मग उभ्यानंच सांगा,
व्युत्क्रम कोन कुठले?